हिरव्या केळीची गाडी

केळीचा घड कापला की खांबातून पाणी गळतं. दिसायला पाण्यासारखंच, पण सदऱ्यावर पडलं की तासाभरात तपकिरी होतं आणि धुतलं की काळं. साबण, सोडा, रिठा, कशानंही जात नाही. आमच्या बऱ्हाणपूरजवळच्या फोपनारात ज्याच्या कपड्यांवर असे डाग नाहीत तो पाहुणा. यंदा कांदेबागाची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, कटाई सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम बागेत जाऊन उभा राहिलो. वय झालं, कोयता धरवत नाही, पण उभं राहायला काय लागतं? एक थेंब बाहीवर पडला. पडू दिला. सून म्हणाली, "बाबा, नवा सदरा हाये तुमचा." म्हटलं, "राहू दे. आज मले असाच पाह्यजे."

त्याला कारण होतं. आदल्या आठवड्यात बऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या एका माडीवर व्याख्यान झालं. वक्ते लांबून आले होते. अभ्यास मोठा, आवाजही मोठा. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यावर दीड तास बोलले. नाके कसे जाळले, तारा कशा कापल्या, डोंगरातल्या टोळ्या कशा लढल्या, सगळं चांगलं सांगितलं. आणि शेवटी हसत म्हणाले, की तुमचा भाग काही या लढ्यात नव्हता, तुम्ही आधीच स्वतंत्र झालेले, तुमचं लक्ष केळीकडं. लोक हसले. पाहुण्याच्या विनोदाला हसायची आपल्या लोकांना सवय आहे. मी उभा राहिलो. म्हटलं, "बरोबर आहे साहेब. आमचं लक्ष केळीकडंच होतं. तिथंच आम्ही चुकलो, आणि चुकूनही पोचलो." त्यांना काही कळलं नाही. आभार मानायची वेळ झाली होती, कोणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं.

म्हणून हे लिहितो. लिहिणाऱ्याला कोणी खाली बसवत नाही.

ते अठ्ठेचाळीस साल. आदल्या ऑगस्टात आमच्याकडं झेंडा लागला होता. शाळेपुढं गूळ-शेंगदाणे वाटले आणि भाषण मी केलं, कारण गावात कॉलेजात जाणारा मी एकटा. आमच्या सात पिढ्यांत पहिला. भाषणात मी स्वातंत्र्याची पहाट वगैरे सगळं आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बा, म्हणजे माझा बाप, मागं कडुनिंबाला टेकून उभा होता. भाषण संपल्यावर जवळ आला आणि त्यानं एवढंच विचारलं, "मंग आता राखीले बहीण येईन का नाई?"

बाची बहीण, माझी फुई. खाली पुण्याकडं आत्या म्हणतात, आमच्या तापीकाठी फुईच. ती अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी दिलेली, निजामी हद्दीत. तिच्या गावची माती आमच्यासारखीच काळी, तिथलं जात्यावरचं गाणं आमच्यासारखंच, फक्त मध्ये करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे तिकडची जकात. एक खोली, एक कारकून, चार शिपाई आणि रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू. त्या बांबूशी येऊन स्वातंत्र्य थांबलं होतं. फुई त्या वर्षी राखीला आली नाही. तिच्या पोरानं, धोंडूनं, गावच्या पारावर झेंडा लावला, म्हणून त्याला मारत चावडीवर नेलं. तो दोन दिवसांनी तिथून पळाला आणि डोंगरात टोळीला जाऊन मिळाला. निरोप आला तेव्हा बा जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं नाही. पूर्ण जेवला, हात धुतला, आणि मग म्हणाला, "आपल्याले काय करता येईन ते पाहू."

आमच्याकडं रामदासमामा होता. मायचा धाकटा भाऊ. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परत आलेला शिपाई. इंग्रजांनी त्याला जंगलात लढायला शिकवलं आणि लढाई संपल्यावर घरी पाठवून दिलं. तो म्हणायचा, "त्याहीनं मले फुकट शिकवलं. वाया कायले घालवू?" त्यानं गावातले आठ-दहा जण जमवले आणि बाच्या बागेत त्यांची शाळा भरवली.

केळीच्या बागेत भर दुपारीही संध्याकाळ असते. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत ओला, गार, हिरवट काळोख. पानं वर एकमेकांना भिडलेली. खाली पाटाचं पाणी सावकाश सरकत असतं आणि त्याचा वास मातीचा कमी, केळीच्या सालीचा जास्त. कुठं शत्रू नाही, कुठं बंदूक नाही, तरी त्या आठ-दहा जणांत मी शिरलो की माझ्या पाठीचा कणा ताठ व्हायचा. वाळलेलं पान पायाखाली आलं की पापड मोडल्यासारखं वाजतं. मामा म्हणायचा, "पानावर पाय देऊ नका, पाटात द्या. पाणी चुगली करत नाई." ओळीत चालायचं नाही, एकाआड एक वाफा सोडून चालायचं. पुढचा दिसला पाहिजे, त्याच्या पुढचा दिसता कामा नये. त्यांच्या हातांत बंदुका नव्हत्या. सुरे होते. सुरा मारायचा सराव केळीच्या खांबावर चालायचा, कारण खांब माणसाच्या मांडीइतका मऊ, असं मामाचं म्हणणं.

एकदा बा कोयता घेऊन आला. एका खांबात चार भोकं दिसली होती त्याला.

"हे कोनं केलं?"

मामा म्हणाला, "दाजी, शिपाई शिकून राह्यले."

"शिकू दे. पन कापल्या खांबावर शिकव. ह्याचा घड भरायचा हाये अजून. ज्याच्यावर घड हाये तो माहा शिपाई."

त्या दिवसापासून शिपाई फक्त घड उतरवलेल्या खांबांवर शिकले. बाच्या बागेत लढ्यालाही बाच्या परवानगीनं चालावं लागायचं. मला त्याचा राग यायचा. मी कॉलेजच्या वाचनालयात बसून देशोदेशीच्या छोट्या टोळ्यांच्या लढाया वाचलेल्या, वहीत टिपणं काढलेली. मला वाटायचं, एवढी मोठी गोष्ट चाललीय आणि माझा बाप चार भोकं मोजतोय. आज वाटतं, बागेत त्या वेळी दोनच माणसं खरी लढाई जाणत होती. एक मामा, आणि दुसरा तो, ज्याला आपण काय राखायला निघालोय ते नेमकं माहीत होतं.

मार्चअखेर धोंडूचा निरोप आला की टोळीची काडतुसं संपत आलीत. मामाकडं दोन पेट्या होत्या. कुठून आणल्या ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. प्रश्न नेण्याचा होता.

योजना माझी. हे मी पूर्वी अभिमानानं सांगायचो, आता नुसतं सांगतो. फुईच्या गावचा बाजार शुक्रवारचा. त्या दिवशी नाक्यावर गाड्यांची रीघ असते. आपली गाडी केळीची, बाजाराला निघालेली. तळाला पेट्या, वर पोतं, त्यावर वाळली पानं, त्यावर घड. मंगळवारी पहाटे निघायचं, इच्छापूर, एदलाबाद, बोदवड, जामनेर करत शुक्रवारी सकाळी नाका. कुठं मुक्काम, कुठं पाणी, बैलांची पेंड किती, चार पानं भरून लिहिलं मी. लाल शाईनं रेघा मारल्या. गाडी मी नेणार होतो.

माय गहू निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तू?"

"हो. काय झालं?"

"तुझी चाल पाह्य. पायात काई नसलं तरी बूट घातल्यावानी चालते तू. नाक्यावरचा मानूस नाव विचारीन, तू त्याले इतिहास सांगशीन." मामा हसला. तिनं त्याच्याकडं वळून पाहिलं तसा गप्प झाला. "आन तुझा पेपर कधी हाये?"

बी.ए.ची परीक्षा नागपूरला होती. त्याच गुरुवारपासून. मी म्हणालो, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येईल. देशापुढं परीक्षा म्हणजे काय.

"देशाले दोन पेट्या पाह्यजे," माय म्हणाली, "तू नाई पाह्यजे. मी जाते. नणंदेकडे जायले मले कोनाची चिठ्ठी लागते? रामदास गाडी हाकीन." मग माझ्याकडं बोट करून, "नापास झाला तरी ये, भाकर देईन. पन पेपर सोडून आला त ह्या घरात पाय ठेवू नको."

मी बाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं उठून कोयता घेतला. "केळी मी कापतो," एवढंच म्हणाला.

बा घड कापायचा ते पाहण्यासारखं होतं. आधी घडावरून बोट फिरवायचा, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसं. केळ्याची धार अजून बोटाला लागली पाहिजे, पण टोचता कामा नये. पाऊण तयार. मग खांबाला एक घाव, अर्ध्यातून. खांब आपणहून वाकतो, घड खांद्यावर येतो आणि दुसऱ्या घावाला सुटतो. जमिनीला लागत नाही. वीस वर्षं तो असाच कापत आला होता, कारण आमची केळी बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनातून वॅगनीत चढून दिल्लीला जात. त्या दिवशी त्यानं बागेतले उत्तमातले उत्तम घड काढले. बहिणीच्या गावाला जायचे होते. पेट्यांवर पोतं टाकलं, वाळल्या पानांचा हातभर थर दिला आणि घड असे लावले की एकाचं केळ दुसऱ्याला घासणार नाही. हिरवीगार, कडक, टिचकी मारली तर लाकडासारखी वाजणारी केळी. आम्ही सगळे भोवती उभे राहून पाहत होतो. कोणीतरी म्हणालं, दिल्लीच्या वॅगनीतही अशी लावत नाहीत. बा जरासा हसला. त्या महिन्यात मी त्याला तेवढाच हसताना पाहिला.

मंगळवारी पहाटे गाडी गेली. बुधवारी मी रेल्वेत बसलो. अंगात धुतलेला सदरा, बाहीवर आणि छातीवर केळीचे डाग. भुसावळला गाडी बदलली. डब्यात नागपूरकडचे दोघं-तिघं परीक्षेलाच निघालेले भेटले. एकानं डागांकडं पाहून विचारलं, "शाई सांडली का रे?" मी म्हणालो, "नाही, शेती सांडली."

मलकापूर आलं. फलाटावर एक बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीत केळी. पिवळी, अंगावर काळे ठिपके आलेली, घमघमणारी. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं खिडकीतून दोन घेतली, तिथंच सोललं एक आणि दोन घासांत संपवलं.

मी त्या सालीकडं पाहत राहिलो.

बाजारात माणूस केळ घेतो ते खायला. तिथंच खायला, नाहीतर घरी पोरांच्या हातात द्यायला. हिरवं केळ आठवडी बाजारात कोण घेतं? आमची गाडी भरून हिरवी केळी बाजाराला चालली होती. जगात कोणताही केळीवाला असं करत नाही, आमच्याशिवाय. आम्ही वीस वर्षं फक्त वॅगनीसाठी कापत आलो. आमच्या हातांना दुसरं कापणंच ठाऊक नाही. केळ हिरवंच गाव सोडतं, हे आमच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं सरळ. गाडीभोवती आम्ही दहा-बारा माणसं उभी होतो, सगळा जन्म केळीत गेलेली, आणि एकालाही खटकलं नाही. माझ्या चार पानांत बैलांची पेंड होती, केळी पिवळी पाहिजेत हे नव्हतं. लाल शाई होती.

गनिमी काव्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं मी वाचलं, शिकवलंही. लोक म्हणतात हल्ला करा, पळा, लपा. माझं म्हणणं साधं आहे. फौज गणवेश घालून निघते आणि गनिमी काव्याचा माणूस रोजचे कपडे घालून. त्याचं रोजचं जगणं हीच त्याची ढाल. आमची चूक अशी, की आमचं रोजचं तेच सगळ्या मुलखाचं रोजचं, असं आम्ही धरून चाललो. तीन दिवसांच्या वाटेवर आमचं रोजचं परकं होऊन जातं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

गाडी मलकापुरात दहा मिनिटं थांबायची. आमची बैलगाडी आज संध्याकाळी बोदवडला पोचणार, हे माझ्याच वहीत होतं. बोदवड मागं, भुसावळच्या वाटेवर. उतरलो असतो, उलट्या गाडीत बसलो असतो, तर रात्री जेवायच्या वेळेला मी मायपुढं उभा असतो. सांगता आलं असतं, परत फिरा. मी दारात जाऊन उभा राहिलो. एक पाय पायरीवर. शिट्टी झाली.

मी उतरलो नाही.

मायनं बजावलं होतं, हे खरं. पण ते कारण होतं की सबब, हे मला आजही ठरवता येत नाही. मला ती पदवी हवी होती. सात पिढ्यांत कोणाला मिळाली नव्हती, आणि ती हातभर अंतरावर होती. हेही खरं. ज्याला मला नाव ठेवायचं असेल त्यानं ठेवावं. त्या पायरीवर माझ्या जागी तो उभा नव्हता.

शुक्रवारी सकाळी दुसरा पेपर होता, इतिहासाचा. एका मोठ्या खोलीत शंभरभर पोरं, वर पंखा कुरकुरत होता. बाहेर ऊन पांढरं झालेलं. चौथा प्रश्न असा होता, की बलाढ्य सत्तेविरुद्ध लहान टोळ्यांनी चालवलेल्या युद्धाची तत्त्वं सोदाहरण स्पष्ट करा. मला उत्तर तोंडपाठ होतं. सात पानं लिहिली. मुलखाची माहिती, लोकांचा आधार, शत्रूच्या नजरेत न भरणं. 'नजरेत न भरणं' लिहिताना घड्याळाकडं पाहिलं. दहा वाजून गेले होते. या वेळी ती नाक्यावर असणार. बाहीवरचा डाग उत्तराच्या अगदी शेजारी येत होता, आणि मी लिहीतच होतो. पर्यवेक्षक जवळ येऊन म्हणाले, "सावकाश लिही, वेळ आहे."

परीक्षा संपवून लालबागला उतरलो तो स्टेशनाबाहेर आमचे बैल दिसले. मग गाडी दिसली, मग मामा. माय गाडीत नव्हती.

"घरी हाये," मामा म्हणाला. "भाकरी टाकून राह्यली तुझ्यासाठी. बस गाडीत, सांगतो."

आणि त्यानं वाटेत सांगितलं.

नाक्यावर गाडी थांबली. कारकून बाहेर आला, हातात सळई. धान्याच्या पोत्यात खुपसून पाहायची टोकदार सळई असते तशी. त्यानं केळीवर नजर टाकली आणि म्हणाला, "बाई, ये कच्चे केले बाजार में कौन लेता?" मामा सांगत होता, की ब्रह्मदेशात तोफा ऐकल्या, पण त्या एका प्रश्नासारखं काही ऐकलं नव्हतं. चार शिपाई गाडीकडं पाहू लागले.

मायनं पदर सारखा केला. "बाजारात कोन नेते? नणंदेच्या घरी नेते. तिच्या पुतणीचं लगन हाये मंगळवारी. आज पिवळी नेली त मंगळवारी पंगतीले काय साली वाढू?"

कारकून थोडा हसला, पण सळई उचलली.

"मार," माय म्हणाली. "पन ज्या घडाले सळई लागीन तो तू ठेवून घे. केळ आतून काळं पडते. आन मले एक चिठ्ठी लिवून दे, का ही काळी केळी नाक्यावरून आली म्हणून. व्याही माह्या नणंदेले जलमभर ऐकवतीन, त्याहीले दाखवायले पाह्यजे."

सळई घडांच्या मधल्या फटीत शिरलेली. टोकाखाली पानं, पानांखाली पोतं, पोत्याखाली पेटी. कारकुनाच्या घरीही बायका असणार, व्याही असणार. तो सळई तशीच धरून उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "पकते कैसे ये?"

"कडब्यात दाबून ठेव. वरून पोतं. चार दिवस उघडू नको. रोज उघडून पाह्यलं का पिकत नाई." आणि तिनं स्वतः कोयता घेऊन दोन फण्या कापून त्याच्या हातात दिल्या. त्या घेताना त्याला सळई काढून भिंतीला टेकवावी लागली. बांबू वर गेला.

घरी पोचलो तेव्हा माय चुलीपुढं होती. तिच्या हातांचा थापण्याचा आवाज अंगणातून ऐकू येत होता. मी जाऊन समोर बसलो. बा ओट्यावर, तोंड दुसरीकडं.

"माय, मले मलकापूरले समजलं होतं."

"काय?"

"केळी कच्ची हाये ते."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "मले इच्छापूरच्या अलीकडेच समजलं. भूक लागली, हात घातला गाडीत, एक केळ खायजोगं नाई. तुझा मामा म्हणे, फिरू वापस. म्हटलं, तू फिरव बैल. मी पेट्या डोक्यावर घेऊन पायी जाते."

"मग?"

"मंग काय. तीन दिवस होते हातात. केळी पिकली नाई, बोलनं पिकवलं. रोज उठून रामदासले म्हणू, तू कारकून हो, इचार मले. त्याले एकबी सवाल धड इचारता आला नाई."

ओट्यावरून बा म्हणाला, "चूक माही. मी कापली."

"तुमची कशी?" ती म्हणाली. "चांगली कापली म्हणून त चांगली पोचली."

मी म्हणालो, "बोदवडले येता आलं असतं मले. मी उतरलो नाही, माय."

ती थांबली. पिठाचे हात तसेच परातीत. "आला असता त काय सांगितलं असतं? केळी कच्ची हाये? ते मले पोटानं सांगितलं होतं." मग तव्यावरची भाकर उतरवत, "भ्याला होता का?"

"हाव."

"मीबी," ती म्हणाली आणि पुढची भाकर थापायला घेतली.

पेट्या पोचल्या होत्या. पण मायचं काम तिथं संपलं नव्हतं. फुईच्या घरून निघताना तिनं धोंडूला निरोप ठेवला होता. नाका जाळायचा तर जाळा, पण त्या कारकुनाला आधी बाहेर काढा, त्यानं माझ्या हातची केळी घेतली आहेत. टोळीत यावरून बोलणं झालं. परत कोणाकडून तरी उत्तर आलं, की लढाईत असं चालत नाही, मामींना सांगा. मायनं उलट निरोप पाठवला, "मंग काडतुसं वापस द्या." मे महिन्यात नाका जळाला. कारकुनाला त्याच्या गाठोड्यासकट दूर शेताच्या बांधावर नेऊन बसवलं होतं. बांबूही जळाला. मामाच्या मते तो आधी जळायला हवा होता.

सप्टेंबरात फौजा गेल्या आणि हद्द पुसली. दिवाळीत भाऊबीजेला फुई आली, धोंडू लंगडत तिच्यामागं. बा गाडीपर्यंत धावत गेला. त्याला धावताना गावानं पहिल्यांदा पाहिलं. पुढं प्रांत कापले, जोडले, आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आता महाराष्ट्रातले म्हणतात तुम्ही आमचे नाहीत, आणि इकडचे म्हणतात तुमची बोली तिकडची. म्हणू देत. एका बांबूचं ऐकलं नाही आम्ही, नकाशावरच्या रेघेचं काय ऐकणार?

मग काही वर्षांनी स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रमाणपत्रांचे दिवस आले. छापील अर्ज मी आणला होता. किती दिवस तुरुंगात होता, कोणत्या तुरुंगात, पकडल्याचा पुरावा जोडा. मायला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लिव, सापडली नाई." तसा रकाना नव्हता. मी अर्ज परत नेऊन टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, पुरावा नाही तर आम्ही काय करणार? त्यांचं बरोबर होतं. पण माझंही बरोबर आहे, आणि त्या वक्त्यांनाही मला तेच सांगायचं होतं. न सापडणं हीच त्या लढाईची सगळी कला. जे नीट लढले त्यांची नोंद कुठल्याच चावडीत सापडणार नाही. नोंद नाही म्हणजे लढा नाही, असं म्हणणाऱ्यानं एकदा फोपनारच्या बागेत दुपारी बारा वाजता येऊन उभं राहावं. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. म्हणून काय तो नसतो?

माझा निकाल त्याच वर्षी जूनमध्ये लागला. नापास झालो नव्हतो. माय बागेत होती, घड उतरवलेल्या खांबांची पानं बैलांसाठी कापत होती. मी निकालाचं पत्र वाचून दाखवलं. तिनं हात पुसले नाहीत, फक्त पानांचा भारा खाली ठेवला.

"काय इचारलं होतं त्याहीनं?"

म्हटलं, "पुष्कळ विचारलं. एक असं होतं, की थोडी माणसं मोठ्या फौजेशी कशी लढतात."

"तू काय लिवलं?"

"लिहिलं, की मुलूख ओळखीचा पाहिजे. लोक आपले पाहिजेत. आणि आपण कोणाच्या नजरेत भरता कामा नये."

"आन केळी?"

"केळीचं नाही लिहिलं."

तिनं भाऱ्याची गाठ आवळली. "तरी पास केलं?"

"केलं. त्या पेपरात सगळ्यांत जास्त मार्क आहेत."

"मंग तपासनाऱ्यालेबी केळी समजत नसतीन," ती म्हणाली आणि भारा उचलून माझ्या डोक्यावर दिला.